संशयकल्लोळ: रेवती की कृत्तिका?

पडद्यामागची

मंडळी, आमच्या घरात आठवडाभर एकच वाद चाललाय, तो इथं आणते. माझी भाची इथल्या, सोलापूरच्या, एका हौशी नाट्यसंस्थेत काम करते. दिवाळीनंतर हुतात्मा स्मृती मंदिरात 'संगीत संशयकल्लोळ' करायचं त्यांचं ठरलंय. पोरीला गळा आहे, कामही चांगलं करते, म्हणून दिग्दर्शकांनी तिलाच विचारलं, रेवती घेतेस की कृत्तिका? तिची आई म्हणते रेवती. मी म्हणते कृत्तिका. पोरगी दोघींच्या तोंडाकडं बघत बसलीय.

ज्यांनी नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेवती मघा नायकिणीची मुलगी. अश्विनशेठचं तिच्यावर प्रेम आहे, लग्न करणार म्हणतोय. कृत्तिका म्हणजे फाल्गुनरावांची बायको. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि नेमकं तेच कृत्तिकेच्या नजरेस पडतं. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव तिला बघतात. झालं! तिथून चौघंही एकमेकांवर संशय घेत सुटतात.

२६ वर्षांपूर्वी मी कृत्तिका केलीय. आमच्या त्या प्रयोगात कृत्तिकेला एकही पद नव्हतं. टाळ्या, वन्स मोअर, प्रयोगानंतर आत येऊन केलेलं कौतुक, सगळं रेवतीच्या वाट्याला गेलं. त्याचं वाईट वाटलं नाही. पण तालमीत मला रोज जाणवायचं की या नाटकाचा सगळा भार कृत्तिकेच्या घरावर आहे. रेवतीला रुसता येतं, 'येऊ नका' म्हणता येतं. कृत्तिका दार लावून घेईल, पण लावलेल्या दाराच्या आतच तिला राहायचंय, त्याच नवऱ्याबरोबर. हे प्रेक्षकांना हसवत हसवत दाखवायचं म्हणजे खायचं काम नाही.

तुम्हाला काय वाटतं? खरी नायिका कोण?

बाळीवेसकर

रेवती. अश्विनशेठचं 'मृगनयना' हे पद कुणाला बघून म्हटलंय ओ? विषय संपला.

शेंगाचटणी

विषय कुठला संपतोय मालक, आत्ता तर पडदा वर गेलाय.

मला रेवतीची भोवळ एकदम पटते. मे महिन्यात दुपारी दोनला पार्क चौकातून सात रस्त्यापर्यंत चालत या, ४३ अंशांत. रोज चार रेवत्या पडतील, आणि सावरायला जाणाऱ्या चार फाल्गुनरावांच्या घरी रात्री भांडी वाजतील. हे नाटक सोलापूरचंच आहे बगा.

तिसरी_घंटा

थोडा मागचा इतिहास सांगतो, कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे.

गोविंद बल्लाळ देवलांनी हे आधी गद्य नाटक म्हणून लिहिलं होतं, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', १८९३ च्या सुमारास. नाव बघा, फाल्गुनराव आणि तसबीर. म्हणजे केंद्र नवरा-बायकोचं घरच होतं. मूळ गोष्ट मोलिएरची, १६६० ची. ती इंग्रजीत आर्थर मर्फीनं मोठी करून घेतली आणि तिथून देवलांकडं आली. पुढं १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीनं पदं घालून 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणलं. देवलही त्याच वर्षी गेले. फाल्गुनराव गणपतराव बोडस आणि रेवती साक्षात बालगंधर्व! आता बालगंधर्व रेवती करणार म्हटल्यावर सूर कुणाच्या वाट्याला जाणार, हे सांगायला नको. तेव्हापासून रेवती पुढं आणि कृत्तिका मागं असं होऊन बसलं.

एक गोष्ट मला फार आवडते. मोलिएरच्या नाटकात त्या बायकोला नावच नाही, नुसती 'अमक्याची बायको'. आपल्या देवलांनी तिला कृत्तिका म्हणून नाव दिलं, जीभ दिली, बाणा दिला.

हार्मोनियमवाला

तिसरी_घंटा, इतिहास बरोबर आहे, पण त्यातून रेवती 'गाणारी बाहुली' ठरते, ते मला मान्य नाही.

मी तीन वेगवेगळ्या रेवतींना साथ केलीय. पद सुरू झालं की दोघींचा अभिनय बंद पडायचा. डोळे मिटायचे, हात तानेबरोबर वर जायचा, रेवती संपली आणि बाई गायला बसल्या! तिसरी मात्र वेगळी होती. काळी चारच्या पट्टीत गायची, आवाज काही फार मोठा नव्हता. पण रागावलेल्या प्रवेशात ती समेवर येताना अश्विनशेठकडं बघायचीच नाही. अंतरा संपता संपता एकदाच बघायची आणि लगेच मान फिरवायची. तेवढ्यात कळायचं की तोंडानं 'जा' म्हणणाऱ्या या बाईला तो जायला नकोय. माझा हात भात्यावर थांबायचा एखादा क्षण. गद्यात हे करायला चार वाक्यं लागतील.

संशय सुरात दाखवणं अवघड आहे, कारण सूर मुळात गोड असतो. मावशी, तुमच्या भाचीला खरोखर गळा असेल तर ही संधी सोडू नका.

कडक_भाकरी

मी नाटकातला जाणकार नाही. दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा कृत्तिका म्हणजे कजाग बायको, कमरेवर हात, आरडाओरडा. लोक हसतात, मीही हसलो. पण नायिका म्हणायला मन घेत नाही. रेवतीवर जीव जडतो, कृत्तिकेची भीती वाटते.

आजीची_नात

कडक_भाकरी, तुम्ही म्हणता तसं मलाही लहानपणी वाटायचं.

माझे आजोबा गिरणीत होते, रात्रपाळीला. आजी सांगायची, पाळीवरून आले की पहिला प्रश्न, 'खिडकीत कोण उभं होतं?' चाळीतली एकुलती एक खिडकी, रस्त्यावर उघडणारी. आजी तिथं तांदूळ निवडायला बसायची कारण उजेड तेवढाच. आजोबा वाईट नव्हते. पगाराचं पाकीट न फोडता आजीच्या हातात द्यायचे. पण ती खिडकी त्यांच्या डोक्यातून गेली नाही. आणि आजी? आजोबांना यायला अर्धा तास उशीर झाला की ती शेजारच्या पोराला गेटपर्यंत पाठवायची, कुणाबरोबर बोलत उभे आहेत बघून ये म्हणून. म्हणजे घरात फाल्गुनरावही होते आणि कृत्तिकाही.

हे नाटक मी आजीबरोबर टीव्हीवर पाहिलं. सगळे हसत होते. आजी कृत्तिका बोलायला लागली की पदर तोंडाशी धरून अगदी बारीक हसायची, आणि मध्येच म्हणाली, 'बरोबर विचारतीय ती.' ते मी विसरले नाही. कृत्तिका ओरडते कारण हळू बोललेलं त्या घरात कुणी ऐकत नाही. तिला नुसती कजाग करणं हा नटीचा आळस आहे, देवलांनी तसं लिहिलेलं नाही.

बाळीवेसकर

आजीची_नात, माझी पहिली पोस्ट मागं घेतो. अर्धी.

कोर्टाच्या_मागे

पुराव्याच्या अंगानं बघा. कृत्तिकेनं नवऱ्याच्या हातात परकी बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. फाल्गुनरावांनीही बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दोघांनी पाहिलं ते खरं, लावलेला अर्थ खोटा. रेवतीचा संशय मात्र दुसऱ्यांच्या बोलण्यावर उभा राहतो, ऐकीव पुरावा. म्हणून मला कृत्तिकेची बाजू भक्कम वाटते. तिच्या जागी कुणीही तेच समजलं असतं.

आणि समोर उभं राहून सरळ विचारते कोण? तीच. फाल्गुनराव त्यांच्या नोकराला, भादव्याला, हेरगिरीला लावतात.

पंचांगवाले_काका

सर्वांना नमस्कार. नावांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहितो.

सगळी पात्रं महिने आणि नक्षत्रं यांवरून आहेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. आता नक्षत्रांचा क्रम बघा. रेवती हे २७ वं, शेवटचं. ते संपलं की लगेच अश्विनी, पहिलं. म्हणजे रेवती आणि अश्विन ही जोडी आकाशात शेजारी शेजारी आहे, मध्ये कुणी नाही. कृत्तिका कार्तिक महिन्याची. कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्या नक्षत्राच्या आसपास असतो. तिचा नवरा कोण, तर फाल्गुन. कार्तिक ते फाल्गुन, मध्ये मार्गशीर्ष, पौष, माघ. एका घरात राहून तीन महिन्यांचं अंतर!

देवलांनी हे मुद्दाम केलं की सहज झालं, मी सांगू शकत नाही. पण आमच्या वडिलांनी मला नक्षत्रांचा क्रम शिकवला तो याच नाटकाच्या आधारानं.

शेंगाचटणी

काका, हे वाचून अंगावर काटा आला. खरंच.

पडद्यामागची

काका, २६ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही. धन्यवाद.

कडक_भाकरी, तुम्ही कजाग म्हणालात त्यावर एक अनुभव सांगते. तसबिरीचा प्रवेश. आमचे दिग्दर्शक फार कडक होते. तसबीर तळहाताएवढी, पितळी चौकटीची, जुन्या बाजारातून आणलेली. तिसऱ्या रांगेतूनसुद्धा आतलं चित्र दिसणार नाही. तरी त्यांचा हट्ट, आत अश्विनशेठ करणाऱ्या नटाचाच फोटो पाहिजे, फेट्यासकट. एका प्रयोगाला फोटो कुठंतरी पडला आणि घाईत कुणीतरी आत नुसता पांढरा पुठ्ठा घातला. मी स्टेजवर तसबीर उचलली आणि बघायला काही नाही! मी हसले, मान वाकडी केली, सगळं ठरल्याप्रमाणं केलं. पण ते बघणं खोटं होतं. मागून फाल्गुनराव आले तेव्हा मी दचकले तेही खोटं, कारण माझं मन कुठं गुंतलेलंच नव्हतं. त्या दिवशी मी पुढचे सगळे प्रवेश ओरडून काढले. कजाग झाले. टाळ्या मिळाल्या आणि दिग्दर्शक माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

कृत्तिका त्या तसबिरीकडं बघते तेव्हा तिला क्षणभर खरंच छान वाटलं पाहिजे. कुणीतरी देखणं, हसतमुख, संशय न घेणारं. तेवढा एक क्षण तिचा स्वतःचा आहे या नाटकात. तो नीट झाला की पुढं ती कितीही भांडली तरी कजाग वाटत नाही.

नवी_पेठ

धागा छान चाललाय पण एक व्यवहाराचं बोलू का? संगीत नाटक रात्री साडेनऊला सुरू करता, पदांना वन्स मोअर देता, मग सुटतं कधी? आमची अक्कलकोटची मंडळी शेवटचा अंक सोडून उठतात गाडीसाठी. तुमच्या भाचीला म्हणावं, संध्याकाळी सहाला पडदा वर करा.

हार्मोनियमवाला

नवी_पेठ, वेळेचं खरं आहे. पण मग दिग्दर्शक कात्री घेतात, आणि कात्री कुठं चालते सांगू? पदांना हात लावत नाहीत, लोक त्यासाठीच येतात. कापतात ते घरातले गद्य प्रवेश, म्हणजे कृत्तिकेचे. मग कडक_भाकरींना कृत्तिका फक्त ओरडताना दिसते, कारण ती गप्प बसते ते सगळं आधीच छाटलेलं असतं.

मी रेवतीच्या बाजूचा आहे, पण हा कृत्तिकेवर अन्याय आहे हे मान्य करतो.

पूर्वभागातली

सगळं वाचलं. मला कुणीच न म्हटलेलं म्हणायचंय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी तेलुगू. अम्मा विड्या वळायची, मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, बाजूला रेडिओ. सोलापूर आकाशवाणीवर नाट्यसंगीत लागलं की आवाज मोठा. तिचं निम्मं मराठी त्या पदांतून आलंय. संशयकल्लोळ तिनं प्रत्यक्ष बघितलं फार उशिरा, मी कमवायला लागल्यावर तिकीट काढून नेलं तेव्हा.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, अम्मा, ती रेवती किती नखरे करते, एवढं प्रेम करणारा माणूस आणि ही रुसून बसते. अम्मा म्हणाली, 'तो गेला तर तिला कुठं जायचं ते ठाऊक आहे, म्हणून ती आधीच रुसते.' मला कळायला वेळ लागला. रेवती नायकिणीची मुलगी. अश्विनशेठनं शब्द फिरवला तर त्याचं काय जातं? दोन दिवस उदास राहील, दुसरीकडं लग्न करेल. रेवतीला परत आईच्याच वाटेनं जावं लागेल. कृत्तिकेचा संशय खरा निघाला तरी तिचं कुंकू, तिचं घर कुणी काढून घेत नाही, फार तर दुःख होईल. रेवतीचा संशय खरा निघाला तर तिचं सगळंच जातं.

पडद्यामागची ताई, तुम्ही म्हणालात रेवतीला 'येऊ नका' म्हणता येतं. येतं, पण किती जड जात असेल ते म्हणायला! आणि तरी ती म्हणते. मला ते धाडस वाटतं. तिला कुणाच्या मेहेरबानीवर लग्न नकोय, विश्वासावर पाहिजे.

अम्मा विड्या हजारावर मोजायची. हजार पूर्ण झाल्याशिवाय पैसे नाहीत, आणि त्यातल्याही खराब म्हणून काढून टाकणार. शब्द देणाऱ्यावर भरवसा ठेवायला किती धीर लागतो हे तिला माहीत होतं.

तिसरी_घंटा

पूर्वभागातली, फार मोलाचं लिहिलंत. याला एक जोड देतो. मोलिएरची नायिका चांगल्या खात्यापित्या घरची मुलगी आहे, बापानं दुसरं स्थळ ठरवलंय एवढीच अडचण. तिला नायकिणीची मुलगी केली ती देवलांनी. याआधी त्यांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलं होतं, त्यातली वसंतसेनाही गणिकाच. 'शारदा' १८९९ ची, तिथं म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी. ज्या बाईला समाजात बाजू नाही तिच्याकडं या माणसाचं लक्ष जायचंच. तेव्हा रेवतीचं हे बदललेलं घराणं मला तरी सहज वाटत नाही. तुमच्या अम्मांनी रिक्षात जे पकडलं ते आम्ही इतकी वर्षं नाटकं बघून पकडलं नाही.

आजीची_नात

अम्मांना नमस्कार सांगा. माझी आजी आणि तुमची अम्मा शेजारी बसून हे नाटक बघायला हव्या होत्या.

कोर्टाच्या_मागे

'ऐकीव पुरावा' म्हणून मी रेवतीला उडवून लावलं होतं. चूक झाली. ज्याचं जास्त जाणार असतं तो ऐकीवावरही सावध होतो, हे मी रोज बघतो आणि तरी विसरलो.

कडक_भाकरी

मला आता दोघींबद्दल वाईट वाटायला लागलंय. हे विनोदी नाटक आहे ना? 😄

शेंगाचटणी

विनोदीच आहे की. शेवटी सगळे घोटाळे फिटतात, कुणी मरत नाही, कुणी घर सोडत नाही. प्रेक्षक पोट धरून हसत घरी जातात, आणि जाताना रिक्षात अम्मा असं काहीतरी बोलतात.

पडद्यामागची

पूर्वभागातली, तुमची पोस्ट मी भाचीला आणि तिच्या आईला मोठ्यानं वाचून दाखवली. मी सव्वीस वर्षं म्हणत आले की रेवतीचा संशय म्हणजे प्रेमातला लाडका रुसवा. आमच्या वेळी रेवती करणारी माझी मैत्रीण तालमीत म्हणायची, 'मला या बाईची भीती सापडत नाही.' मला तेव्हा वाटायचं, गाणाऱ्या बाईला कसली भीती सापडायचीय. आज तिला फोन केला.

तरी माझी कृत्तिका मी सोडत नाही. पण भाचीला आता ढकलणार नाही, तिचं तिनं ठरवावं. ती स्वतःच लिहिते म्हणाली.

मीच_ती_भाची

नमस्कार. मीच ती. तीन दिवस गपचूप वाचतेय.

मी रेवती घेतेय. गळा आहे म्हणून नाही. हार्मोनियमवाला काका म्हणाले ते मान फिरवणं आणि अम्मांनी म्हटलेलं 'आधीच रुसते', ही दोन्ही एकत्र करून बघायचीत मला. जमेल का माहीत नाही. आईला वाटतंय ती जिंकली, वाटू दे.

पण काल दिग्दर्शकांना मी एक अट घातली, कृत्तिकेचे घरातले प्रवेश कापायचे नाहीत. ते म्हणाले मग वेळ? मी नवी_पेठ यांची पोस्ट दाखवली. पडदा संध्याकाळी साडेसहाला वर जाणार, जवळजवळ नक्की. कृत्तिका करणारी मुलगी माझ्यापेक्षा चांगली नटी आहे, आणि तिला तालमी शिकवायला मावशी येणार आहे. मावशीनं अजून हो म्हटलेलं नाही, पण काल तिनं माळ्यावरून ट्रंक काढली. पितळी चौकट आहे तिच्यात! काच थोडी तडकलीय. आत अजून २६ वर्षांपूर्वीचे अश्विनशेठ आहेत, फेट्यासकट.

आता नवीन फोटो काढायचाय. कुणाकडं जरीचा जुना फेटा आहे का, एका दिवसापुरता?

बाळीवेसकर

फेटा आहे. आजोबांचा, जपून वापरा. रविवारी येऊन घेऊन जा.

उजेडवाला

इथं पहिल्यांदाच लिहितोय, प्रकाशयोजना करतो. फोटो चकाकणाऱ्या कागदावर काढू नका, मॅट घ्या. समोरचा दिवा पडला की चकाकी थेट कृत्तिकेच्या डोळ्यांत जाते, तिला चेहरा दिसतच नाही. तडकलेली काचही काढूनच टाका.